नेमकं कुठे?

पावसाळ्यात मुंबई महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर येणारे फोन बहुतेक एकाच घाईत केलेले असतात. झाड पडलंय. मीटरच्या पेटीतून ठिणग्या उडताहेत. भिंत खचलीय. पाणी घरात शिरलंय. काय झालं ते माणूस न विचारता सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो. कुठे झालं, ते त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं. "आमच्या बिल्डिंगसमोर." कुठली बिल्डिंग? "अहो, मेडिकलच्या बाजूची." रस्ता कुठला? "एस. व्ही. रोड." हा रस्ता वांद्र्याहून निघतो तो पार दहिसरपर्यंत जातो. वाटेत महापालिकेचे अर्धा डझन विभाग लागतात आणि प्रत्येक विभागात मेडिकलची दुकानं डझनांनी असतात.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'न दिसणारं शहर' हा विषय दिला. गटारं, भुयारं, जमिनीखालच्या केबली यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला पाहायची होती ती संकटातल्या माणसाचा फोन लागल्यापासून मदत दारात येईपर्यंतची वाट. गेल्या वीस वर्षांत यंत्रांनी ही वाट पुरती बदलून टाकली. चिठ्ठीच्या जागी संगणक आला, चार-पाच क्रमांकांच्या जागी एक आला, गाडीत पडदा बसला. शहरं यावर कोट्यवधी खर्च करतात आणि दर काही वर्षांनी पुन्हा करतात. तरीही जिथे जिथे गेले तिथे तोच प्रश्न आडवा आला.

पत्त्यावरून ठरतं कोण येणार

बोरीबंदरसमोरच्या मुख्यालयात महापालिकेचा आपत्कालीन नियंत्रण कक्ष आहे. भिंतभर पडदे, त्यांवर शहरातले चौक आणि किनारे. मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता ही पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांची नावं इथे सगळ्यांच्या तोंडी असतात. भरतीच्या वेळा नजरेसमोर ठेवलेल्या असतात, कारण साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर शहरातलं पाणी समुद्र घेत नाही, पंपांनी उपसून फेकावं लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याइतकाच घात केला तो मुक्या झालेल्या मोबाईलनी. कोण कुठे अडकलंय हे कुणालाच कळत नव्हतं. त्यानंतर या व्यवस्थेचं रूप पालटत गेलं. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, इतर यंत्रणांशी थेट जोडण्या आल्या, कॅमेरे आले.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकताना एक गोष्ट लवकर लक्षात येते. इथे पत्ता हा फॉर्ममधला एक रकाना नसतो. मदत कुणी करायची, हेच पत्त्यावरून ठरतं. मीटरच्या पेटीतून ठिणग्या उडताहेत, एवढ्यावर काहीच हलत नाही. पेटी परळला असेल तर बेस्टला कळवायचं. कुर्ल्याला असेल तर बहुतेक अदानीला. भांडुप किंवा मुलुंडला असेल तर महावितरणला. पडलेलं झाड रस्त्यावर आहे की सोसायटीच्या आवारात, खाली गाडी दबलीय की माणूस, यावर उद्यान खातं जाणार की अग्निशमन दल, की दोघंही, हे ठरतं. गॅसचा वास असेल तर महानगर गॅस. रुळांवर पाणी असेल तर रेल्वे, आणि तीही मध्य की पश्चिम ते विचारून. एका शहरात इतके मालक असल्यावर 'कुठे' हे कळल्याशिवाय 'कोण' कळत नाही.

क्रमांकांचीही हीच कथा. पोलिसांना १००, आगीला १०१, रुग्णवाहिकेला १०२. महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक एके काळी १०८ होता. पुढे राज्याची रुग्णवाहिका सेवा १०८ वर आली आणि महापालिका १९१६ वर गेली. संकटातल्या मुलांसाठीची १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या प्रयोगातून सुरू झाली. प्रत्येक क्रमांकामागे कुणाची तरी कळकळ होती. पण जिन्यात धूर भरलेला असताना इतकं सगळं आठवेल कुणाला?

चिठ्ठी पलीकडच्या टेबलावर

नायगावला एक निवृत्त हवालदार भेटले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी पोलिसांच्या बिनतारी आणि नियंत्रण कक्षाच्या कामात काढली. त्यांच्या सांगण्यातून जुन्या १०० चं चित्र उभं राहिलं. फोन घेणाऱ्याने ऐकायचं, चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पलीकडच्या टेबलावर द्यायची. तिथला माणूस बिनतारी संचावरून त्या भागातल्या गाडीला पुकारायचा. गाडी पोहोचली की परत संदेश, त्याची नोंद रजिस्टरात.

या पद्धतीचं बळ होतं ते फोन घेणाऱ्याच्या पायांत. तो आधी कुठल्या तरी पोलीस ठाण्यात बीट फिरलेला असायचा. "इराण्यासमोर" म्हटलं की कुठला इराणी हे तो आजूबाजूच्या दोन खुणांवरून काढायचा. नाही जमलं तर शेजारच्याला विचारायचा, कारण शेजारचा दुसऱ्या भागात फिरलेला असायचा. नकाशा भिंतीवर होता, पण खरा नकाशा त्या खोलीतल्या माणसांच्या डोक्यात वाटून ठेवलेला होता.

मग जुनं बरं होतं का, या प्रश्नावर त्यांनी ठामपणे मान हलवली. फोन लागला तर सगळं ठीक होतं, आणि तो लागायचाच असं नाही. गणपती विसर्जन, दंगल, बॉम्बस्फोट, म्हणजे ज्या दिवशी गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्या दिवशी लाइन व्यस्त. एकाच अपघाताच्या दहा चिठ्ठ्या व्हायच्या. बाईने दुसऱ्यांदा फोन केला तर दुसराच माणूस उचलायचा आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. गाडी किती वाजता निघाली हे गाडीवाला सांगेल तेच खरं.

लाइन व्यस्त असण्याचं हे दुखणं तर या सेवांच्या जन्माशीच जोडलेलं आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच स्त्रिया गेल्या. शेजाऱ्याने फोन लावला होता, पण तो एक्स्चेंजच्या रांगेत अडकला. त्याने 'द टाइम्स'ला संतापून पत्र लिहिलं. चौकशी झाली आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. हा क्रमांक फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा, म्हणजे ऑपरेटरने बाकीची रांग सोडून आधी हा फोन घ्यायचा. आजची अतिप्रगत सॉफ्टवेअरंही सुरुवात तिथूनच करतात. गर्दीतून हा एक फोन वेगळा ओळखायचा.

महापेला फोन, गोवंडीला गाडी

डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांची समिती नेमली गेली. देशभर एकच आपत्कालीन व्यवस्था असावी हा विचार तिथून पुढे रेटला गेला. दूरसंचार नियामक ट्रायने एप्रिल २०१५ मध्ये ११२ हा क्रमांक सुचवला. युरोपने तो १९९१ मध्येच स्वीकारला होता आणि जगभरचे मोबाईल हँडसेट तो आपत्कालीन क्रमांक म्हणून ओळखतात, ही मोठी सोय होती. पैसा निर्भया निधीतून आला, तांत्रिक घडण तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने केली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात पहिली घंटा वाजली. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ पासून आहे. मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे इथे, दुसरं नागपूरला.

आता फोन असा जातो. राज्यात कुठूनही ११२ लावला तरी तो महापेच्या किंवा नागपूरच्या कॉल घेणाऱ्याकडे पोहोचतो. यंत्र जो मोकळा असेल त्याच्याकडे फोन वळवतं. पडद्यावर क्रमांक येतो, अंदाजे ठिकाण येतं. कॉल घेणारा प्रकार निवडतो, म्हणजे भांडण, अपघात, छेडछाड, आग. दोन ओळी लिहितो, त्याची नोंद तयार होते आणि ती त्या जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षात उघडते. तिथल्या डिस्पॅचरला कुठली गाडी कुठे आहे ते दिसतं. तो नोंद गाडीतल्या पडद्यावर धाडतो. पोलीस ती स्वीकारतात, पोहोचल्यावर तसं कळवतात, काय कारवाई केली ते भरतात, मग कॉल बंद होतो. आग किंवा आजारपण असेल तर जोडणी १०१ किंवा १०८ कडे. प्रत्येक पायरीवर वेळ आपोआप उमटते. गाडीवाला सांगेल तेच खरं, हा जमाना संपला.

उडप्याच्या हॉटेलात ऑर्डर घेणारा पोऱ्या वळून थेट भटारखान्यात ओरडतो. तसं जुन्या १०० चं होतं. आता ऑर्डर घेणारा एका गावात आणि भटारखाना दुसऱ्या गावात. मधला निरोप लिहिलेला असतो, त्यामुळे तो हरवत नाही. पण जे लिहिलं गेलं नाही, ते पोहोचतही नाही.

महापेच्या टेबलावरची मुलगी परभणीची असू शकते. "शिवाजी नगर" ऐकलं की तिच्यासमोर गोवंडीचं येतं, पुण्याचं येतं, आणि राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक शहरातलं एक येतं. गोवंडीच्या शिवाजी नगरात मी फिरले. कागदावर इथला पत्ता मलबार हिलपेक्षा शिस्तीचा आहे. रस्त्यांना क्रमांक आहेत, प्लॉटना क्रमांक आहेत. रोड नंबर सहा, प्लॉट नंबर अमुक. पण तोंडी पत्ता वेगळाच चालतो, मशिदीच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोर, टाकीच्या गल्लीत. आणि पत्ता बरोबर कळला तरी गाडी मोठ्या रस्त्यावरच थांबते. आतल्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. म्हणून वस्त्यांनी आपली पद्धत बसवली आहे. फोन केला की एक पोरगा नाक्यावर पळवायचा, तो हात वर करून उभा राहतो आणि आलेल्यांना आत घेऊन जातो. १०८ ने २०१७ मध्ये मुंबईत मोटारसायकल रुग्णवाहिका आणल्या त्या अशाच गल्ल्यांसाठी. पण दुचाकीला तरी वाट कोण दाखवणार? तोच पोरगा.

लंडनमधला एक सोमवार

ज्यांना आपल्या शहराची फोनव्यवस्था बदलायची आहे, त्यांनी २६ ऑक्टोबर १९९२ चा लंडनमधला सोमवार अभ्यासावा. लंडन ॲम्ब्युलन्स सर्व्हिसकडे तेव्हा दिवसाला दोन ते अडीच हजार फोन येत. पद्धत कागदाची होती. फोन घेणारा फॉर्म भरायचा, नकाशाच्या पुस्तकात जागा शोधायचा, फॉर्म सरकत्या पट्ट्यावर ठेवायचा. पट्ट्याच्या टोकाला बसलेली माणसं एकाच घटनेचे दोन फॉर्म ओळखून एक बाजूला काढायची आणि गाडी ठरवायची. पद्धत मंद होती. ती बदलायलाच हवी होती.

नव्या संगणकाकडून अपेक्षा अशी की तो स्वतःच जवळची गाडी शोधेल आणि पाठवेल. सगळ्यात स्वस्त निविदा सुमारे ९ लाख ३७ हजार पौंडांची होती, तीच स्वीकारली गेली. सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या कंपनीला या कामाचा अनुभव नव्हता. त्या सोमवारी नवी यंत्रणा एका झटक्यात पूर्ण लंडनवर लागू झाली. खोलीची मांडणीही त्याच दिवशी बदलली, त्यामुळे वर्षानुवर्षं शेजारी बसून एकमेकांच्या नजरेवर काम करणारी माणसं वेगळी पडली.

यंत्राला प्रत्येक गाडी कुठे आहे आणि रिकामी आहे का, हे अचूक माहीत असणं गरजेचं होतं. पण घाईत गाडीवरचे कर्मचारी चुकीचं बटण दाबत, काही भागांत रेडिओ लागत नसे. यंत्राचं चित्र आणि रस्त्यावरचं चित्र यांत फरक पडत गेला. एका ठिकाणी दोन गाड्या, दुसरीकडे एकही नाही. यंत्र शंका आली की पडद्यावर इशारा द्यायचं. इशारे इतके साचले की जुने वर सरकून पडद्याबाहेर गेले, आणि त्यांच्यासोबत काही रुग्णही. वाट पाहून थकलेले लोक पुन्हा फोन करू लागले, त्यामुळे भार आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी अर्धी कागदी पद्धत परत आणावी लागली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे तर यंत्रणा गोठलीच. प्रोग्रामरने मागे सोडलेला कोडचा एक छोटा तुकडा हळूहळू सर्व्हरची मेमरी खात गेला होता. सेवेच्या प्रमुखांनी त्याआधीच राजीनामा दिला होता.

चौकशी समितीचा अहवाल वाचताना वाटतं, दोष एकट्या यंत्राचा नव्हता. जुन्या पद्धतीत माणसं न सांगता जे करत होती, दुहेरी फॉर्म ओळखणं, हा पत्ता चुकलेला वाटतो असं म्हणून परत विचारणं, त्याची नोंद कुठेच नव्हती. म्हणून ते नव्या पद्धतीत उतरलं नाही. पुढे याच संस्थेने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी हळूहळू, कर्मचाऱ्यांना विचारत, आधी साधी कामं यंत्रावर आणत. १९९६ मध्ये ती यंत्रणा नीट उभी राहिली.

नकाशावरचं टिंब आणि सतरावा मजला

पत्त्याचा प्रश्न यंत्राने कायमचा सोडवता येईल, असं मोबाईल आल्यावर वाटलं होतं. घडलं उलटंच. घरच्या तारेच्या फोनला पत्ता चिकटलेला असायचा. मोबाईलचा नोंदणीचा पत्ता सोलापूरचा आणि बोलणारा दादरच्या पुलावर, असं आता रोजचं आहे. टॉवरवरून ठिकाण काढलं तर शहरातही काही शे मीटरांचं वर्तुळ मिळतं. मुंबईत तेवढ्यात हजारो माणसं राहतात.

याला एक चांगला उपाय निघाला आहे. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या पद्धतीत फोनला स्वतःलाच कळतं की आपत्कालीन क्रमांक लावला गेलाय. तो वापरणाऱ्याला न विचारता जीपीएस आणि आसपासचे वायफाय तपासतो आणि आपलं ठिकाण संदेशाने नियंत्रण केंद्राला धाडतो. कुठलंही ॲप लागत नाही. युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या स्मार्टफोनला ही सोय सक्तीची केली. भारतानेही जानेवारी २०१७ पासून नव्या हँडसेटना संकटाचं बटण आणि त्यापुढच्या वर्षापासून जीपीएस सक्तीचं केलं. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर तीनदा दाबायचं.

पण टिंब जमिनीवर पडतं. लोअर परळच्या मनोऱ्यात सतराव्या मजल्यावरची बाई आणि तळघरातल्या पार्किंगमधला पहारेकरी यांचं टिंब एकच. अमेरिकेत यासाठी उंचीही तीन मीटरच्या आत सांगावी असा नियम करावा लागला. आपल्याकडे तो प्रश्न अजून इंटरकॉमवर, म्हणजे वॉचमनच्या तत्परतेवर, सोडलेला आहे.

बटण जितकं सोपं, तितकं ते चुकून दाबलं जातं, हीही एक बाजू आहे. खिशात दाबलेले, पोरांच्या हातून लागलेले, उचलल्यावर पलीकडून नुसता खडखडाट ऐकू येणारे हे मुके कॉल सगळ्या जगाचं दुखणं आहेत. २०२३ मध्ये अँड्रॉइड फोनवरच्या अशाच सोयीमुळे ब्रिटनच्या पोलिसांना चुकीच्या कॉलचा पूर सहन करावा लागला. सोपा मार्ग म्हणजे मुका कॉल कापायचा. तो कापता येत नाही, कारण नवरा शेजारी उभा असताना बाईला बोलता येत नाही म्हणूनही कॉल मुका असू शकतो. कॉल घेणारा कान देतो, पुन्हा फोन लावतो, पलीकडचे आवाज ओळखायचा प्रयत्न करतो. जाणूनबुजून खोटी वर्दी देणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत शिक्षा आहे. मुक्या कॉलसाठी मात्र अनुभवी कानाखेरीज दुसरं औषध नाही.

दुसरी खोली उघडता आली पाहिजे

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या, सिग्नल विझले, इस्पितळांत जनरेटर सुरू झाले. अशा दिवशी नियंत्रण कक्षच अंधारात गेला तर? न्यूयॉर्कने हा प्रश्न ऑगस्ट २००३ च्या मोठ्या ब्लॅकआउटनंतर स्वतःला विचारला. ९११ ची नवी व्यवस्था आणि ब्रॉन्क्समध्ये पूर्ण दुसरं केंद्र उभारायला घेतलं. ते केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं. तोवर साऱ्या कार्यक्रमाचा खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला होता.

पण दुसरी खोली बांधणं वेगळं आणि ती वेळेवर उघडता येणं वेगळं. २५ जून २०२३ च्या रविवारी ब्रिटनमधली ९९९ सेवा बिघडली. राखीव व्यवस्था होती. तिकडे वळण्याचा पहिला प्रयत्न फसला, कारण सूचना नीट लिहिलेल्या नव्हत्या आणि ड्युटीवरच्या माणसांना तो बदल करण्याची सवय नव्हती. साडेदहा तासांत जवळपास १४ हजार कॉल वाया गेले. नियामकाने ही सेवा चालवणाऱ्या बीटी कंपनीला पावणेदोन कोटी पौंडांचा दंड ठोठावला. ऑस्ट्रेलियात १८ सप्टेंबर २०२५ ला ऑप्टस कंपनीने फायरवॉल बदलायला घेतली आणि काही राज्यांतून आपत्कालीन फोन लागेनासे झाले. काही मृत्यूंचा संबंध या खंडाशी जोडला गेला. फोन लागत नाही, अशी तक्रार ग्राहकांनी कंपनीच्या कॉल सेंटरला केली होती. ती वर पोहोचलीच नाही. फोन जोडून देण्याचं काम करणाऱ्या कंपनीतच फोनवरचं बोलणं ऐकलं गेलं नाही.

दोन्ही देश पैसेवाले, दोन्हीकडे यंत्र उत्तम. कमी पडला तो सराव. आपल्याकडे निविदेत राखीव केंद्राची ओळ असते. वर्षातून किती वेळा, पूर्वसूचना न देता, भर दुपारी सगळे कॉल राखीव केंद्राकडे वळवून दाखवायचे, याचीही ओळ हवी.

निर्णय वॉर्डात गेला तेव्हा

मुंबईने या सगळ्यातला मोठा धडा करोनाकाळात घेतला. २०२० च्या उन्हाळ्यात खाटेसाठी सगळं शहर १९१६ कडे धावत होतं. एक क्रमांक, एक खोली, आणि पलीकडे प्राणवायूची पातळी घसरत चाललेली माणसं. लाइन वाढवून भागणार नव्हतं, कारण अडचण फोन उचलण्याची नव्हती. कुर्ल्याच्या कुठल्या चाळीतल्या कुणाला आज खाट हवी आणि कुणाला घरी ठेवलं तरी चालेल, हे मुख्यालयातून कळतच नव्हतं.

जूनमध्ये महापालिकेने तेव्हाच्या चोवीसही विभाग कार्यालयांत वॉर रूम उघडल्या. प्रयोगशाळांचे अहवाल आधी महापालिकेकडे, तिथून विभागवार वाटले जाणार, आणि विभागातले लोक स्वतः रुग्णाला फोन करणार. डॉक्टर, शिक्षक, विभागातला स्टाफ, रुग्णवाहिका, आणि खाटांचा आकडा दाखवणारा एक पडदा. पुष्कळ ठिकाणी तंत्र साधंच होतं, साधे मोबाईल आणि सगळ्यांना दिसणारी यादी. पण फोनवर बोलणाऱ्याला आपला वॉर्ड माहीत होता. कुठल्या इमारतीला लिफ्ट नाही, कुठल्या गल्लीत स्ट्रेचर वळत नाही, हे विचारायला माणूस हाताशी होता.

महापेचं केंद्र आणि वॉर्डातली वॉर रूम ही परस्परविरुद्ध टोकं नाहीत. फोन कधीच वाया जाऊ नये यासाठी मोठं, एकत्र, अनेक लाइनी असलेलं केंद्र लागतं. फोनचं योग्य काम व्हावं यासाठी त्या गल्लीची माहिती लागते. व्यवस्था सुधारायची म्हणजे या दोन टोकांमधला धागा सुधारायचा.

निविदेत काय मोजायचं

आता पैशाची गोष्ट. शहर जेव्हा अशी यंत्रणा विकत घेतं, तेव्हा करारात मोजमाप लिहिलेलं असतं. फोन किती सेकंदांत उचलला, यंत्रणा महिन्यात किती मिनिटं बंद होती, यांसारखी मापं मोजायला सोपी असतात आणि ठेकेदाराच्या हातातही असतात, म्हणून ती लिहिली जातात. गाडी किती वेळात निघाली हे पोलिसांच्या हातात. ती कधी पोहोचली हे वाहतुकीच्या, खड्ड्यांच्या, चुकलेल्या पत्त्याच्या हातात. करार जे मोजतो ते सुधारतं. म्हणून फोन तीन सेकंदांत उचलला जाऊनही माणूस अर्धा तास वाट पाहत असतो आणि अहवालात सगळं हिरवं दिसतं.

माझ्या मते पुढच्या निविदेत आणखी एक वेळ मोजली गेली पाहिजे. फोन उचलल्यापासून ठिकाण पक्कं होईपर्यंत गेलेली सेकंदं. ती वेळ प्रत्येक कॉलची नोंद होते तिथेच साठते, तिच्यासाठी नवं यंत्र लागत नाही. ज्या भागात ती जास्त निघेल, तिथला नकाशा कच्चा आहे असं समजायचं. तिथे महापालिकेने गल्लीच्या तोंडाशी ठळक पाट्या लावायच्या, घरांना क्रमांक द्यायचे. मालमत्ता कराच्या वह्यांत, अग्निशमन दलाच्या नोंदींत, बीट हवालदाराच्या डोक्यात जी तोंडी नावं आहेत, ती नकाशावर चढवायची. कुणी "टाकीची गल्ली" म्हटलं की महापेच्या पडद्यावर ती गल्ली उघडली पाहिजे. दरवर्षी निवृत्त होणाऱ्या प्रत्येक हवालदारासोबत असा एक नकाशा शहराबाहेर जातो. तो उतरवून घ्यायला सॉफ्टवेअरच्या किमतीच्या मानाने फार खर्च येणार नाही.

आणि आपल्या बाजूने? इमारतीचं नाव, रस्ता, विभाग आणि जवळची एक न बदलणारी खूण, हे दाराच्या आत लिहून लावता येतं. घरात कामाला येणाऱ्या बाईंना, म्हाताऱ्या आईला, दहा वर्षांच्या मुलाला ते वाचून सांगता यावं. फोनवर पहिलं वाक्य जागेचं असावं. लाइन मध्येच तुटली तरी निदान तेवढं पोहोचलेलं असतं.

मोठे पडदे, नवी केंद्रं, संकटाची बटणं हवीतच. जुन्या १०० कडे परत जावं असं त्या निवृत्त हवालदारांनाही वाटत नाही. पण फोन करणाऱ्याच्या दृष्टीने यातलं एकच माप खरं आहे, त्याच्या दारात कुणी आलं ती वेळ. नियंत्रण कक्षाच्या खरेदीचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे येईल, तेव्हा गल्ल्यांच्या पाट्यांचा प्रस्तावही त्याच बैठकीत, त्याच पैशातून मंजूर व्हायला हवा. निम्म्या यंत्रणेसाठी पूर्ण पैसे मोजणं मुंबईला परवडणारं नाही.